फळ्यावरचा आठवा भाग

"आज सात भाग भरले," तृप्ती म्हणाली. "उद्या वर्तुळ पूर्ण होईल. मग काय होणार, याच धास्तीनं अठरापैकी अकरा मुलं येत नाहीत. सोमवारी शाळा समितीनं उरलेली वाटूरच्या शाळेत हलवली, तर ही शाळा बंद."

वाटूरजवळच्या या वाडीत ती एकटी शिक्षिका. तिच्याच फोनवरून जालन्याच्या खासगी तपासनीस सालेहा पठाण आणि तिचा सहकारी नागसेन आले होते.

फळ्यावर खडूचं वर्तुळ होतं. आठ सारखे भाग, सात रंगवलेले. शेजारी अपूर्णांक: वर सात, मध्ये रेघ, खाली आठ. रेघेला दोन ठिकाणी खाचा.

"बद्रीनाथ सरांची रेघ," तृप्ती हळू आवाजात म्हणाली. "इथले जुने शिक्षक. शेवटी हात थरथरायचा त्यांचा. वारून महिना झाला."

नागसेन दाराकडे सरकला.

सालेहानं तृप्तीच्या मोबाइलमधले आधीच्या सहा दिवसांचे फोटो पाहिले. रोज एक भाग जास्त. रेघ तीच, खाचा त्याच.

"पुसतं कोण?"

"मीच. पण मन खातं. तपासल्याशिवाय फळा पुसायचा नाही, हा सरांचा नियम होता."

शाळेची किल्ली तिघांकडे होती. तृप्तीची बस दहाला यायची. त्याआधीच वर्तुळ उमटलेलं असायचं.

दुसरी किल्ली समितीचे अध्यक्ष सोमेश्वर यांच्याकडे. त्यांच्या पुतण्याची व्हॅन मुलांना वाटूरला नेते.

"गाव मलाच भूत म्हणून राह्यलं," ते फणकारले. "मला दुसरे धंदे न्हाईत का?"

सालेहानं त्यांना खडू दिला. "एका वर्तुळाचे आठ भाग करा."

त्यांनी एकेक फाक पाडत नेली. शेवटची दुप्पट मोठी उरली.

"आठ झाले का न्हाई?"

"झाले," सालेहा म्हणाली.

तिसरी किल्ली तुळजाबाईंकडे. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या.

"भीती वाटत नाही?" नागसेननं विचारलं.

"सरांची कशाची भीती?" तुळजाबाई तृप्तीकडे वळल्या. "मॅडम, सोमवारी सुट्टी पाहिजे. भावाकडं कागदावर अंगठा द्यायचाय."

सालेहानं धुतलेलं एक ताट उचललं आणि वर्गात नेऊन वर्तुळावर ठेवलं. काठ बरोबर जुळला. मग तिनं सगळ्यांना आत बोलावलं.

"थरथरता हात सात दिवस एकसारखा थरथरत नाही. इथं खाचा रोज त्याच जागी आहेत. म्हणजे कुणीतरी सरांचा एकच नमुना समोर ठेवून गिरवतंय. लिहिता येणारा माणूस थरथर वगळतो. ज्याला येत नाही, तो तिलाही अक्षरच समजतो. खालचा आकडा, म्हणजे छेद, सांगतो की सारखे भाग किती. वरचा, म्हणजे अंश, सांगतो की त्यातले घेतले किती. भाग सारखे हवेत, हे सोमेश्वरभाऊंना ठाऊक नाही."

"भूत न्हाई, तर मंग अडाणी ठरलो," सोमेश्वर पुटपुटले.

"वर्तुळ शाळेच्या ताटाचं आहे. ताट, किल्ली आणि अंगठा, तिन्ही एकाच माणसाकडे आहेत."

तुळजाबाईंनी कनवटीचा चुरगळलेला कागद काढला. त्यावर एक अष्टमांश, सरांच्या हातचा.

"बापाच्या जमिनीला आम्ही चौघं भावंडं. भाऊ म्हणले, चौथा कशाला, आठवा हिस्सा घे, चारापेक्षा आठ मोठा. सरांना इचारलं. ते म्हणले, रोज एक भाग भरा, आठ भरले की चौथा शिकवतो." त्या थांबल्या. "आन् गेले. तक्त्यावरचे आकडे बघून फळ्यावर काढलं तर येऊन तपासतील वाटलं. पोरं भ्याली, मंग सांगायची लाज वाटली."

तृप्तीनं पुढे होऊन वर्तुळापाशी बरोबरची खूण केली.

तुळजाबाईंनी आठवा भाग भरला. मग शेजारी ताट ठेवून दुसरं वर्तुळ काढलं, त्याचे चार भाग केले, एक रंगवला. पहिल्यातली एक फाक बोटांनी मापून दुसऱ्यातल्या रंगवलेल्या भागावर धरली.

"ह्या एकात तर ते दोन बसतेत!"

"हो," सालेहा म्हणाली.

"मंग सोमवारी सुट्टी नको. पोरांच्या आयांना बोलवा, मी दाखवते त्यांना भूत."

त्यांनी खाली चार काढला, वर एक. मध्ये रेघ ओढताना कागदाकडे पाहिलंच नाही.

नागसेन जवळ जाऊन पाहत होता. रेघ सरळ होती.