मालनबाईची कूस बदलताना

मोबाइलचा उजेड बंद करा रे जरा... हां. आता ऐका. हे आपल्या गारखेड्याच्या दीपमालाबाईवर बेतलेलं आहे. नर्स आहे ती, घरोघरी जाऊन पेशंटचं करती. फेकाफेकी करणारी बाई नाय.

गेल्या पौषातली अमावास्या, शनिवार. दिवस मावळताना तिनं केळीची पानं विकत घेतली अन् स्कूटीवर हर्सूलला निघाली. तिथं मालनबाई अंथरुणाला खिळलेली. अंगभर पाण्याचे फोड. फुटले की कातडी सालपटासारखी निघायची. चादर चिकटायची, म्हणून दीपमाला तिला तेल लावलेल्या केळीच्या पानांवर निजवायची. रोग लागट नव्हता, डॉक्टरनं तसं सांगितलंही होतं. तरी शेजारपाजारचं कुणी उंबरा चढत नव्हतं. घरात पोरगा सांडू एकटा, अन् त्यालाही आईला हात लावायचा धीर होत नव्हता.

"ताई, आई आज लई कण्हती."

"पानं बदलू. तुम्ही पलीकडून आधार द्या फक्त. ओढायचं नाय, उचलायचं. अन् हातमोजे घाला."

सांडूनं हातमोजे चढवले. दीपमालानं म्हातारीच्या खांद्याखाली हात सरकवला, तेवढ्यात लाइट गेली. मिट्ट काळोख. म्हातारी विव्हळायला लागली. सांडू काहीतरी बोलला, पण त्या विव्हळण्यात तिला ऐकू गेलं नाय.

"भाऊ, घाबरू नका. पाठीखाली हात घाला. हळू."

पलीकडून हात आले. मालनबाई वर उचलली गेली... इतकी अलगद, की तिचं कण्हणंच थांबलं. दीपमालानं मोकळ्या हातानं जुनं पान ओढून काढलं, नवं पसरलं. पसरताना तिची बोटं त्या हाताला लागली.

गार होता. अन् उघडा.

"भाऊ, मोजे काढले व्हय?"

तिनं अंधारात डोळे ताणले.

"सांडूभाऊ...?"

तेव्हा बाहेरून, पार अंगणातल्या मीटरपासून आवाज आला, "ताई, फ्यूज गेलाय! आलोच!"

दीपमालाला पळावं वाटलं. पण हात काढला असता तर म्हातारी आदळली असती, पाठ सोलून निघाली असती. ती हलली नाय.

पलीकडं श्वाससुद्धा नव्हता.

"हळू..." ती कशीबशी म्हणाली. "टेकवा."

मालनबाई खाली आली. पान नुसतं सळसळलं.

लाइट आली. पलीकडं कुणी नव्हतं. सांडू दारातून आत येत होता, हातांत मोजे तसेच चढवलेले. म्हातारी शांत झोपलेली, कित्येक रात्रींनंतर.

दुसऱ्या दिवशी उजेडात दीपमालानं तिची पाठ बघितली. सगळी लालभडक, ओली. फक्त दोन जागा कोरड्या. तिथं नवी, साजरी कातडी आलेली. पंजाच्या आकाराची... बोट न् बोट मोजून घ्यावं अशी.

सांडूनं वरून आपला पंजा धरून पाहिला. मोठा पडला. दीपमालानं धरला, तोही मोठा पडला.

लेकराचे हात होते ते. अन् सांडूशिवाय त्या घरात दुसरं लेकरू नव्हतं... कधीच.