हौशीरामच्या हॉटेलातला फोन

साहेब, ती ओळ तुम्ही खोडलीत. तुमचं नाव महेकला आजही ठाऊक नाही, तोंड कधी दिसलं नाही. कंपनीत वरून नुसती तुमची फर्मानं येतात. पण ओळ तुम्हीच खोडलीत, आणि हात मात्र तिचा वापरलात. कसा, ते ऐका. वेळ नसेल तुम्हाला. तरी ऐका.

महेक जुन्नरची. वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. ही मात्र शिकून कंपनीत लागली. कंपनीचं सॉफ्टवेअर साधंच – दुधाची गाडी कुठल्या वाडीवर कधी येणार, ते लोकांना मेसेज करून कळवायचं. ते कसं चालतं, कुठं अडतं आणि अडलं तर काय करायचं, ही सगळी माहिती लिहून ठेवणं हे महेकचं काम. डॉक्युमेंटेशन म्हणतात त्याला. वाचत कुणी नाही, नडलं की शोधतात सगळे.

एका सकाळी जुन्नरच्या स्टँडवर धुकं उतरलं होतं. बाकड्यावर महेकच्या शेजारी एक पोरगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला, आणि तिचंच लिखाण वाचत शिव्या हासडत होता.

"हे ज्यानं लिवलंय ना, त्यानं डिंभ्याच्या धरणापुढं पाऊल टाकलं नसंल."

"टाकलंय," महेक म्हणाली. "चप्पल तुटली होती तिथं."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. ओढणी सावरून ती दुसरीकडं बघत राहिली – हसू लपवायला दुसरा उपाय नव्हता. तो नुमान. घोडेगावचा, कंपनीत नवाच, वाड्यावस्त्यांवर फिरून लोकांना सॉफ्टवेअर शिकवणारा. घोडेगावची गाडी लागली, सुटली. तो बसूनच राहिला. का, ते त्यानं सांगितलं नाही... तिनं विचारलंही नाही.

पुढं दोघं मिळून लिहू लागले. तो पाहून यायचा, ती शब्दात बसवायची. मढ गावाच्या वर, डोंगरात, त्याच्या मामूंची वाडी. तिथनं परत आला तेव्हा त्यानं एक ओळ घालायला लावली, आणि महेकनं ती आपल्या हातानं टाइप केली – 'या वाडीला रेंज भरवशाची नाही. मेसेज गेला म्हणजे निरोप पोचला असं धरू नये. खाली मढला हौशीराम यांच्या हॉटेलात फोन करावा. ते माणूस धाडून कळवतात.' पुढं नंबर.

मग तुमचे एजंट आले, साहेब – माणसं नव्हेत, आपणहून काम करणारे प्रोग्राम. एक कोड, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतल्या आज्ञा, वाचायचा, एक डॉक्युमेंटेशन वाचायचा, तिसरा दोन्हींचा मेळ घालायचा. जुळलं नाही की विचारायचा – हे वाक्य कोडशी जुळत नाही, काढू का? नुमाननं त्यांचं नाव ठेवलं पावणं. सकाळी आला की खुर्ची ओढत पहिला प्रश्न, "पावणं काय म्हणत्यात?" खोटं का बोला, पावणं कामाचे होते. जुन्या, मेलेल्या सूचना त्यांनी अशा वेचून काढल्या की महेकलाच लाज वाटली. एकेका सूचनेवर दोघं वाद घालत बसायची. चहा निवायचा. खांद्याला खांदा लागायचा आणि कुणीच बाजूला व्हायचं नाही.

"पावण्यांना इचार की," एकदा तो हळूच म्हणाला, "आपलं दोघांचं जुळतं का."

"ते म्हणतील, पुरावा सापडत नाही. काढू का?"

"आन् तू काय म्हणशील?"

"मी म्हणेन... राहू दे. बघू."

या 'बघू'वर तिनं पावसाळा काढला, हिवाळा काढला. मजा वाटायची तिला त्याला टांगून ठेवण्यात. वाटू नये का? वयच ते.

एका शुक्रवारी तो हसलाच नाही. मामूंनी वाडीवर बोलावलं होतं. त्यांच्या मुलीशी त्याची बात रविवारी पक्की करायची, मिठाई वाटायची, असं घरात ठरत आलं होतं.

"मी न्हाई म्हणीन," तो म्हणाला. "पण कशाच्या जोरावर म्हणू, ते तू सांग. रविवारी दुपारपोतर सांग."

ती अब्बांशी बोलून कळवते म्हणाली. तो गाडीला पळाला.

आणि त्याच संध्याकाळी तुमचं फर्मान आलं. एजंटांच्या सूचना साठून राहिल्यात, एकेक वाचत बसू नका, आजच्या आज निकाल लावा. सोबत नवं बटण – 'सगळं मंजूर'. महेकच्या डोक्यात अब्बा होते, रविवार होता, नुमानचे न हसलेले डोळे होते. तिनं बटण दाबलं.

त्या ढिगात ती ओळ होती. कोडात 'गेला' म्हणजेच 'पोचला' असं धरलेलं, म्हणून मेळ घालणाऱ्या पावण्यानं ओळ काढली आणि जागी लिहिलं, 'मेसेज गेला की निरोप पोचला असे समजावे.' पण साहेब, खाली त्यानं इमानानं टीपही लिहिली होती – 'खात्री नाही. चूक कोडची असू शकते. माणसानं पाहावं.' यंत्राला शंका आली. तुम्हाला आली नाही.

शनिवारी त्याच वाडीवरच्या ठमाबाईंची तक्रार आली : गाडीचा निरोप नाही, हौशीरामचा माणूसही आला नाही, दूध नासलं. महेकनं वाचली. सोमवारी बघू, म्हणाली. पुन्हा बघू!

रविवारी सकाळी अब्बांनी पेटीची कडी ठोकता ठोकता सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाले, "पोरगा घोडेगावचा ना? घेऊन ये. चहा तरी पाजू." महेक धावत गच्चीवर गेली. 'हो' लिहिलं. पुसलं. 'हो, हो, हो' लिहिलं आणि पाठवलं. मेसेज गेला. काम झालं, असं वाटलं तिला. केस धुतले, हिरव्या बांगड्या भरल्या, गुणगुणत बसली.

सोमवारी नुमान आला. खुर्ची ओढली नाही, पावण्यांचं विचारलं नाही. फोन पुढं धरला. तिचे तीन 'हो' घाट उतरताना आले होते. मिठाई त्याच्या आधी वाटून झाली होती.

"सकाळधरनं हौशीरामच्या हॉटेलात बसलो व्हतो," तो म्हणाला. "फोनच्या शेजारी. मोबाइलला तिथंबी रेंज न्हाई. चहा पिऊन पिऊन हौशीराम म्हणला, पावणं, कुणाची वाट बघताय?"

"तू करायचास ना मला फोन..."

"मागून घेतलेला 'हो' नको व्हता मला." त्यानं फोन खिशात घातला. "अन् म्हटलं, तिला ठावं हाय. ती ओळ तिनंच लिवलीया."

महेक बांगड्या मनगटावर वर सारत राहिली.

"मामूंच्या पोरीनं काय वाकडं केलंय माझं?" तो म्हणाला. "शबूद दिलाय, महेक. आता मोडायचा कसा?"

जाताना त्यानं तिचा निवलेला चहा तेवढा उचलला आणि एका घोटात संपवला. पुढच्या महिन्यात त्यानं बदली मागून घेतली.

ती ओळ महेकनं परत घातलीय, नंबरासकट. तपासणीच्या दर फेरीला पावणं विचारतात, कोडशी जुळत नाही, काढू का? ती दर वेळी लिहिते – नाही, कोड चुकलाय. तिची चूक तिनं कबूल केलीय, साहेब. ती काही लपवत नाही. पण दोन गोष्टींचा मेळ बसत नसेल, तेव्हा खोटं कोण हे बघायला कुणीतरी थांबायचं असतं. ते थांबणं कुणी काढून टाकलं? ते बटण कुणी दिलं?

उत्तर द्या. आणि मेसेज नका करू. फोन करा.