डावीकडचा कॅन

वेल्डिंग करून देतो रे, मी काही पळून चाललेलो नाही. पण सायकलला इंजिन बसवायचं म्हणताय, शर्यत लावायची म्हणताय, तर आधी दहा मिनिटं इथं बसा. गणराज, तो मोबाइल खिशात घाल. मोशीच्या आरिफचं काही ऐकलंय का तुम्ही? नाही ना? हे मला त्यानं स्वतः सांगितलंय, आणि आरिफ थापा मारणारा माणूस नाही. मध्ये दात काढायचे असतील तर आत्ताच घरी जा.

दोन हजार पंचवीस, अठरा जानेवारी, शनिवार. संध्याकाळी साडेसातला आरिफ पंपावर पेट्रोल आणायला गेला. मोशीत नाशिक रस्त्याला लागून त्याचं छोटंसं गॅरेज आहे. तिथं त्यानं आणि निरंजननं मिळून दोन इंजिनवाल्या सायकली बांधल्या होत्या, फ्रेम कापण्यापासून टाकी बसवण्यापर्यंत सगळं हातानं. निरंजन म्हणजे लातूरकडचा पोरगा, चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता. महिन्यापूर्वी त्याला कंपनीनं ब्रेक दिलेला, म्हणजे काम बंद. बायको स्वरूपा, तिला सहावा महिना. घरात बसून बसून पोरगा पार खचला होता. ती सायकल तेवढी त्याला रोज अंथरुणातून उठवायची. त्या रात्री एक वाजता निघोज्याच्या बाजूला, एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर शर्यत होती.

आरिफनं दोन कॅन भरून आणले. दोन्ही पांढरे, बॅटरीच्या पाण्याचे. एक पार्ट धुवायला, एक इंजिनला. ही इंजिनं टू-स्ट्रोक असतात, त्यांचं ऑइल पेट्रोलातच कालवावं लागतं. आरिफनं एका कॅनमध्ये ऑइल ओतलं, खळखळून हलवलं आणि नमाजाला गेला. परत आला तेव्हा निरंजन टाकी उघडून उभाच होता.

"कुठला कॅन रे?"

"तो डावीकडचा," आरिफ म्हणाला. टोपी काढता काढता, न बघताच.

निरंजननं टाकी भरली आणि रस्ता एकदा बघून येतो म्हणून साडेनऊला निघाला.

सव्वाअकराला आरिफ कार्बोरेटर धुवायला बसला. उरलेल्या कॅनमधलं पेट्रोल हातावर घेतलं. साधं पेट्रोल कसं, लगेच उडून जातं आणि कातडी पांढरी कोरडी पडते. याची बोटं बुळबुळीतच राहिली. त्यानं पुन्हा घेतलं. वास घेतला. ऑइल होतं. म्हणजे निरंजनच्या टाकीत थेंबभरसुद्धा नव्हतं.

ऑइल नसलं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. इंजिन जाम, चेन जाम, मागचं चाक जागच्या जागी जाम. पन्नासच्या स्पीडला असं झालं तर माणूस फेकला जातो. त्या क्षणी क्लच दाबला तरच चाक सुटतं, नाहीतर खेळ संपला. क्लचच्या लिव्हरला एक बारकी कळ असते. लिव्हर आवळून अंगठ्यानं ती कळ दाबली की क्लच दाबलेलाच राहतो.

आरिफनं फोन लावला. वाजत राहिला. सोळा वेळा लावला. स्वरूपाला लावायची हिंमत झाली नाही. त्यानं दुसरी सायकल काढली, शटर उघडंच टाकलं आणि सुटला. "चाचा," मला म्हणाला, "रडत होतो आणि चालवत होतो. या अल्लाह, फक्त पाच मिनिटं दे, एवढंच म्हणत होतो."

कुरुळीजवळ तो आत वळला. पावणेबारा. रस्ता सरळ, दोन्हीकडं कंपन्यांच्या भिंती, निम्मे दिवे बंद. आणि समोर लाल दिवा. कॅरिअरच्या डाव्या अंगाला, जरासा वाकडा. त्यानं स्वतः बसवलेला, ओळखणार नाही होय? इंजिनचा आवाजही येत होता. चालू होतं! अजून चालू होतं!

"निरंजन! थांब! कॅन चुकला! माझी चूक झाली, भावा!"

तो थांबेना. आरिफनं मूठ पिळली. अंतर तेवढंच. आरिफ हळू झाला. तोही हळू. पुन्हा पिळली... अंतर तेवढंच.

"निरंजन... क्लच दाब... भावा, क्लच..."

आरिफचा घसा बसला होता. पुढच्यानं मागं बघितलं नाही. डावा हात मात्र आवळला. आवाज खाली उतरला. सायकल नुसती घरंगळत गेली... नाल्यावरच्या पुलाशी थांबली.

आरिफ हसला. रडता रडता मोठ्यानं हसला. वाचला म्हणाला. माझा भाऊ वाचला.

जवळ गेला.

कुणी नव्हतं.

दिवा नाही. आवाज नाही. रस्त्यावर टायरची काळी रेघ... चांगली पंधरा फूट... थेट पुलाच्या कडेपर्यंत. त्यानं मोबाइलचा उजेड खाली धरला.

निरंजन नाल्यात पडला होता. आरिफनं खाली उतरून हात धरला. गार. इंजिनला हात लावला... तेही गार.

ॲम्ब्युलन्समधले डॉक्टर म्हणाले, गेल्याला दोन तास तरी झालेत. आरिफनं पोलिसांना सगळं खरं सांगितलं. स्वरूपालाही सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. चूक माझीच, असं तो आजही म्हणतो.

पण त्या रात्री नाल्यात, कुणी यायच्या आधी, त्यानं निरंजनच्या पायावरची सायकल उचलली. तर मागचं चाक... फिरलं.

मोकळं फिरलं, पोरांनो. वर रस्त्यावर पंधरा फुटांची रेघ. पडला तेव्हा चाक जामच होतं.

आरिफनं हँडलवर उजेड धरला.

क्लच आवळलेला होता... आणि कळ दाबलेली.