काचेच्या पेटीतली किल्ली

"ताई, पोलीस मला न्यायला आलेत," फोनवर ड्रायव्हरकाकांचा आवाज चिरकला. "आणि तुमचाच कागद दाखवतायत."

"माझा कोणता कागद?"

"पंधरा दिवसांपूर्वीचा. दोष आढळला नाही, असं लिहिलेला."

गॅरेजमधल्या ताईने हातातलं मीटर ठेवलं आणि स्कूटर काढली. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी ती एकटीच बाई त्या रस्त्यावर होती, आणि तिचा शब्द गाडीच्या बाबतीत शेवटचा मानला जाई. आज तोच शब्द एका माणसाच्या गळ्याला फास झाला होता.

तिला सगळं आठवलं. काका पांढरी व्हॅन घेऊन आले होते. "कधी किल्ली ओळखते, कधी ओळखत नाही," म्हणाले. तिने चारदा किल्ली फिरवली, चारही वेळा गाडी चालू झाली. बाहेर तीन गाड्या खोळंबल्या होत्या. ती हसून म्हणाली होती, "काका, तुमचाच हात जड आहे." आणि तसा कागद लिहून मोकळी झाली होती.

उपचार केंद्राच्या मागच्या अंगणात व्हॅन उभी होती. डाव्या बाजूचा दिवा फुटलेला. ज्यांना चालता येत नाही अशा पेशंटना ही व्हॅन घरून आणायची आणि परत सोडायची. तिच्या शेजारी काका हात बांधून उभे होते, शाळेत उभं केल्यासारखे.

"तुम्हीच का त्या?" फौजदारांनी विचारलं. "बरं झालं आलात. काल दुपारी दोन वाजता या व्हॅनने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीला उडवलं. मांडीचं हाड मोडलंय. गाडी थांबलीसुद्धा नाही. बाईने रस्त्यावर पडल्या पडल्या नंबर वाचला, चालवणारा तिला दिसला नाही."

"त्यात दिसायचं काय?" केंद्राचे संचालक पुढे आले. त्यांना सगळे सर म्हणत. "गाडीत इमोबिलायझर आहे. चिप असलेली किल्ली नसेल तर इंजिन पेटतच नाही. किल्ल्या दोनच. एक याच्या खिशात, दुसरी माझ्या ऑफिसात काचेच्या पेटीत. दर सोमवारी दोन वाजता मॅनेजर बाई ती बघून वहीत सही करतात. कालही केली. मग गाडी चालवली कोणी, भुताने?"

"मी सामानाच्या खोलीत पडलो होतो," काका म्हणाले. "किल्ली खिशात होती."

"कोणी बघितलं?"

"झोपलेल्या माणसाला कोण बघत बसतं, साहेब?"

"बघा, कशी जीभ चालते!" सर म्हणाले. "गाडी बिघडली म्हणून महिनाभर रडत होता. गॅरेजवालीने लिहून दिलं, दोष गाडीत नाही. म्हणजे दोष कुणात आहे?"

ताई पुढे झाली. "साहेब, मला एक तास द्या. माझाच कागद आहे, तो खरा की खोटा हे मला बघू द्या."

फौजदारांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास."

ती मॅनेजर बाईंकडे वळली. "बाई, काल सही करताना किल्ली हातात घेतली होती?"

"छे! पेटीला कुलूप असतं. त्याची किल्ली सरांकडे. काचेतून दिसली की सही. दहा वर्षं असंच चाललंय."

"आणि सर कुठे होते?"

"वरच्या खोलीत. एक ते तीन दार लावून रिपोर्ट लिहितात. तेव्हा कोणी हाक मारायची नाही, असा दंडकच आहे."

"हा काय पोरखेळ चाललाय?" सर कडाडले. "मला प्रश्न विचारायला ही कोण?"

ताईने ऐकलंच नाही. "काका, गाडी कधीपासून असं करते?"

"दीड महिना झाला. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकतं, इंजिन पेटतं आणि मरतं. तीनचारदा फिरवली की कधीतरी चालू होतं. सर मात्र नशीबवान. एकदा एका पेशंट आजोबांना घरी सोडायचं होतं, मी किल्ली फिरवून थकलो. सर आत बसले, एका फटक्यात चालू! वर टोमणा, 'हात हलका लागतो.' मग किल्ल्यांची कडी परत माझ्या हातात टेकवली आणि म्हणाले, पळ, फाटक उघड, मी गाडी बाहेर काढतो."

"फाटकाची किल्ली त्याच कडीत आहे?"

"हो. तशी सरांकडेही एक आहे. मी फाटक उघडलं, सरांनी व्हॅन बाहेर काढली, बंद केली, उतरले. मी बसलो, किल्ली फिरवली, पुन्हा लुकलुक. माझीच वैरीण आहे गाडी." काकांनी कडवट हसून मान हलवली. "सरांना हौस भारी चालवायची. स्वतःची गाडी असून हल्ली मुलीच्या मागे स्कूटरवर बसून येतात, त्यामुळे असेल."

"तोंड सांभाळून बोल!"

ताईला काहीतरी टोचलं होतं. पण आधी गाडी.

तिने काकांची किल्ली घेतली, प्लास्टिकच्या डोक्याची फट नखाने उघडली आणि तांदळाच्या दाण्याएवढी काळी चिप तळहातावर काढली.

"साहेब, ही चिप म्हणजे किल्लीचं नाव. स्टिअरिंगखालच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. किल्ली फिरवली की ते विचारतं, कोण आहे? चिप आपला नंबर सांगते. नंबर जुळला की इंजिन चालू राहतं. ही चिप तुमच्या खिशात ठेवा आणि वीस पावलं लांब उभे राहा."

फौजदार फाटकापाशी गेले. ताई व्हॅनमध्ये बसली. तिच्या हातात आता नुसतं पातं आणि पोकळ प्लास्टिक होतं. या किल्लीने गाडी चालू व्हायलाच नको.

तिने किल्ली फिरवली.

एका फटक्यात इंजिन चालू झालं. चित्र लुकलुकलं नाही.

मॅनेजर बाईंनी तोंडावर हात ठेवला. सर एक पाऊल मागे सरकले.

ताईने इंजिन बंद केलं. तीन स्क्रू काढून स्टिअरिंगखालचं झाकण उतरवलं. वेटोळ्याला लागून, निळ्या चिकटपट्टीच्या तुकड्याखाली, दुसरा काळा दाणा चिकटवलेला होता. पेशंटच्या गुडघ्याला लावतात ती पट्टी.

"ही पट्टी केंद्रात कोणालाही मिळते," सर घाईने म्हणाले. "याला तर सहजच."

"खरं आहे. पण चिप कुठून मिळते? पेटी उघडा."

"त्याची काही गरज—"

"उघडा," फौजदार म्हणाले.

पेटीतली किल्ली आली. ताईने तिचं डोकं उघडलं. आत चिपेच्या जागी खाच होती, रिकामी.

मग मॅनेजर बाईंचा आवाज आला, बारीक आणि संतापलेला. "म्हणजे दर सोमवारी मी रिकाम्या किल्लीवर सही करत होते?"

"हो बाई. किल्ली आहे ना, एवढंच तुम्ही बघत होतात. ती चालते का, हे कोणी बघितलं नाही. मी तरी कुठे बघितलं?" ताईने चिप पट्टीसकट बाहेर काढली. "दीड महिन्यापूर्वी कोणीतरी पेटीतल्या किल्लीची चिप काढून इथे चिकटवली. आता गाडी कायमची गाफील. रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून साधं पातं कापून घेतलं की पुरे. दोन्ही खऱ्या किल्ल्या जागच्या जागी, आणि गाडी मात्र दुपारी फिरून परत. फक्त एक चूक झाली. काकांनी आपली खरी किल्ली लावली की दोन चिपा एकदम बोलायच्या. दोन माणसं एकाच वेळी ओरडली की काय ऐकू येणार? गाडी गोंधळायची. काकांची किल्ली खरी होती, म्हणूनच चालत नव्हती. चिप नसलेल्या चोरट्या किल्लीला मात्र कधीच अडचण आली नाही."

"मग ते काम याचंच!" सर ओरडले.

"कशासाठी? काकांकडे खरी किल्ली होती. चोरटी किल्ली त्यालाच लागते, ज्याच्या हातात गाडी दिसता कामा नये." ती वळली. "काका, सरांनी कडी तुमच्या हातात दिली, तेव्हा इंजिन चालू होतं की बंद?"

"चालू. मी फाटक उघडत होतो तेव्हा चालूच—" काकांनी वळून सरांकडे पाहिलं.

"कडी तुमच्या हातात. फाटकाला लावलेली. या गाडीचं इंजिन चालू असताना कुलपातून किल्ली निघत नाही, कोणालाही करून बघू द्या. मग कुलपात कोणाची किल्ली होती, सर?"

सरांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. फौजदारांनी तो मनगटाशी धरला. खिशातून निघाली एक नवी कोरी किल्ली, डोक्याला प्लास्टिक नसलेली.

ताईने ती कुलपात घातली. चिप बाजूला ठेवून फिरवली: चित्र लुकलुकलं, इंजिन मेलं. चिप वेटोळ्याजवळ धरून फिरवली: चालू.

"यांचं लायसन्स चार महिन्यांपूर्वी आम्हीच जप्त केलंय," फौजदार हळूच म्हणाले. "दारू पिऊन दुभाजकावर चढले होते. मला वाटलं, सुधारले."

"दुपारचा जरा मोकळा वारा..." सर पुटपुटले. "ती बाई एकदम आडवी आली."

"आडवी आली!" इतका वेळ सांभाळलेला काकांचा आवाज फुटला. "रोज सकाळी ती मला हाक मारून हसते हो! तिला तिथे तडफडत टाकलंत, आणि इथे येऊन मला शहाणपणा शिकवत होतात? माझ्या पोरांसमोर मला बेड्या घालणार होतात?"

त्यांचा हात वर गेला. फौजदार मध्ये आले नाहीत. पण काकांनी तो स्वतःच खाली घेतला आणि तोंड फिरवलं.

पंचनामा उरकून जीप गेल्यावर अंगणात दोघंच उरले. मॅनेजर बाई वही घेऊन आत निघून गेल्या होत्या. फौजदारांनी काकांची चिप परत केली होती आणि गॅरेजचा कागद व्हॅनच्या बॉनेटवर तसाच टाकला होता.

"ताई," काका म्हणाले, "हात जड आहे म्हणाला होतात."

"म्हणाले होते. झाकण उघडायला मला दहा मिनिटं लागली असती, काका. त्या बाईचा पाय शाबूत राहिला असता."

काकांनी तिला समजावलं नाही, की धीरही दिला नाही. फक्त खिशातलं पेन काढून पुढे केलं.

ताईने 'दोष आढळला नाही' या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: 'तपासणी अपुरी. दोष गॅरेजचा.' सही केली, तारीख टाकली.

"आता इस्पितळात चला," ती म्हणाली. "तिला हे मी सांगायला हवं."

काकांनी आपली चिप किल्लीत बसवली आणि व्हॅनमध्ये बसले. किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात गाडी चालू झाली.