मोजणीतले नऊ फूट

"नऊ फूट कमी आहेत."

फिल्म दुरुस्त करणारी मुलगी तिसऱ्यांदा मोजून हेच म्हणाली, तेव्हा फिल्म-संग्रहाच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. चार वाजता खेळ होता. सत्तर वर्षांपूर्वीचा विनोदी मूकपट, खऱ्या तुरुंगात चित्रित केलेला, आणि त्याची ही एकुलती एक प्रत. काल संध्याकाळच्या तालमीत सगळं शाबूत होतं. आज नऊ फूट, म्हणजे पडद्यावरचे नऊएक सेकंद, गायब.

दाराशी बसणारी जमादारबाई उठली. बायकांच्या तुरुंगात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्यावर तिने इथली राखण धरली होती. तिने दार आतून लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"सकाळपासून आत फक्त तुम्ही तिघं. तुकडा बाहेर गेलेला नाही. आता कुणी हलायचं नाही."

फिल्मच्या त्या कोठीला खिडकी नव्हती. रिळं टिकावीत म्हणून माणसं गारठवणारी थंडी मात्र बारा महिने. मुलगी स्वेटरमध्ये आक्रसली होती. साहेबांनी मफलर डोक्याला गुंडाळला होता. प्रोजेक्टर चालवणारे, सत्तरीला टेकलेले ऑपरेटरकाका, एक खांदा उतरलेला, स्टुलावर बसून लोकरीची टोपी मांडीवर कुरवाळत होते.

"चौकशी कसली करताय?" साहेब कडाडले. "जोड बघा! पडद्यावर झटकासुद्धा बसणार नाही इतका सफाईदार. हिचंच काम. उद्यापासून येऊ नकोस, आणि पोलिसांना काय ते सांग."

मुलीला रडू फुटलं. तीन महिन्यांची कच्ची नोकरी होती तिची. असा डाग लागला तर या धंद्यात तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

"टेबल सोडून कधी गेली होतीस?" जमादारबाईने विचारलं.

"दहाला. अर्धा तास. शेजारच्या खोलीत डबे पुसत होते."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"मी पत्रं लिहीत होतो," साहेब म्हणाले, "त्या कोपऱ्यात, कपाटामागे."

"मी रीळ न्यायला आलो होतो," ऑपरेटर पुटपुटले. "तयार नव्हतं, म्हणून थांबलो."

जमादारबाई टेबलाशी गेली. मुलीने दुरुस्त केलेली दुसरी रिळं तिथे होती. मधूनमधून कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या.

"हे काय गं?"

"जिथला भाग हरवलाय तिथे तेवढ्याच लांबीची कोरी पट्टी घालतो आम्ही. गेलं ते गेलं हे दिसायला हवं ना. झाकायचं नसतं."

"आणि ऑपरेटर, तुमच्या केबिनमध्ये फिल्म तुटली तर?"

"पटकन जोडायची. पडदा पांढरा पडला की लोक शिट्ट्या मारतात." काकांनी मान खाली घातली. "चाळीस वर्षांत माझ्या खेळाला शिट्टी पडली नाही."

जमादारबाई साहेबांकडे वळली.

"साहेब, तुम्हाला जोड येतो?"

"कात्रीसुद्धा धड धरता येत नाही."

"मग ऐका. चोराला कापून पळता आलं असतं. हा बसून जोडत राहिला. या पोरीने जोडलं असतं तर सवयीने कोरी पट्टी घातली असती. खेळात खंड पडू नये म्हणून जीव टाकणारा इथे एकच माणूस आहे. ऑपरेटर, सकाळी आलात तेव्हा टोपी कानापर्यंत ओढलेली होती. आता इतक्या गारठ्यात टक्कल उघडं टाकून ती मांडीवर का? माझ्याकडच्या कैदी बायका तुरुंगात काय काय असंच लपवायच्या."

काकांनी टोपी उलगडली. टोपीच्या घडीतून फिल्मची छोटी गुंडाळी निघाली.

"पण का?" साहेबांनी विचारलं.

"तेही सांगते. काल तालमीला मीही मागे उभी होते. जोड पडलाय तिथे तुरुंगातल्या कैद्यांच्या मोजणीचा प्रसंग होता. विदूषक बादलीत पाय अडकून पडतो. बाकीचे नट उभेच राहतात. शेवटचा माणूस मात्र हुकूम व्हायच्या आत उकिडवा बसतो, हात गुडघ्यांवर. ते कुणी शिकवत नाही, साहेब, अंगात मुरतं. तो खरा कैदी होता. आणि त्याचा एक खांदा असाच उतरलेला."

"आई म्हणायची, बाप जहाजावर गेला," काका म्हणाले. "मी जन्मभर लोकांना तेच सांगितलं. घरात फोटो होता, म्हणून काल ओळखला. माझा बाप, आणि आज सगळं सभागृह त्याला हसणार!"

"म्हणून या लेकरावर बालंट येऊ दिलंत?" जमादारबाईचा आवाज चढला. "ती रडत होती आणि तुम्ही टोपी कुरवाळत होतात!"

काका मुलीसमोर उभे राहिले आणि हात जोडले. "पोरी, चुकलो. फार चुकलो." साहेबांनी ओशाळून मफलर सोडला. "उद्या वेळेवर ये," ते मुलीला एवढंच म्हणाले.

मुलीने डोळे पुसले. गुंडाळी उलगडून ती टेबलाच्या उजेडावर धरली आणि भिंगातून एकेक चौकट पाहू लागली.

"काका, तुम्ही हे शेवटपर्यंत पाहिलंत?"

"नाही. काल तोंड फिरवलं. आज नुसतं कापलं."

"मी पाहिलंय," जमादारबाई हळूच म्हणाली. "तीस वर्षांत मोजणीच्या वेळी हसताना मी एकही कैदी पाहिला नव्हता. म्हणून तर तो लक्षात राहिला."

काकांनी भिंगाला डोळा लावला. बादली उडाली होती, विदूषक आडवा झाला होता, आणि ओळीच्या टोकाला उकिडवा बसलेला त्यांचा बाप पोट धरून हसत होता.

ते बराच वेळ वाकूनच राहिले. मग कात्री त्यांनीच मुलीच्या हातात दिली.

"जोड," ते म्हणाले. "चार वाजायला आले."

जमादारबाईने कमरेची किल्ली काढून दार उघडलं.