भुऱ्याचा हौद

"अवं ताई, जोरानं ओढ ना!" देवानंद मागून ओरडला.

"ओढूनच राह्यली ना मी! हलते का तो?" रंजीता कासऱ्याला लोंबकळली होती.

भुऱ्या बैलाने हौदाला नाक लावलं, फुर्रकन श्वास सोडला आणि मान फिरवली. काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही नाही! वर मे महिन्याचं ऊन! बेला गावाजवळच्या त्या खेड्यात अख्ख्या गल्लीच्या जनावरांना हा एकच निळा हौद. एकेका घरानं पाळीपाळीनं विहिरीचं पाणी शेंदून तो भरायचा.

"आजारी पडंल ना तो," देवानंदचे डोळे भरून आले.

शेजारच्या चंदाने पाण्यात बोट बुडवून वास घेतला. "गुलाब! हौदाले गुलाबाचा वास काऊन येते?"

"अन् फेस पण हाय!" रंजीता म्हणाली. "चला, लपून पाहू!"

दुपारी मोठी माणसं शेतात होती. तिघं कडब्याच्या गंजीमागे दडली. तेवढ्यात हौदासमोरच्या खोलीचं दार उघडलं. रंजीताची आई सुवर्णा ती खोली पाहुण्यांना राहायला द्यायची. सध्या तिथे नागपूरचे मुकुंदकाका आणि त्यांचे मेहुणे उतरले होते. दोघं टॉवेल घेऊन आले आणि धप्प! थेट हौदात!

"वा! स्विमिंग पूल तर छान बांधलाय!" डोक्याला शाम्पू चोळत काका म्हणाले.

देवानंद उसळला. रंजीताने त्याची कॉलर पकडली. "थांब! पाहुणे हायत. भांडलो तं आई रागवंल. बैलच सांगतील त्याइले!"

तिघांनी धावत जाऊन गल्लीतले सगळे बैल सोडून आणले. बघता बघता हौदाभोवती शिंगंच शिंगं!

"अरे, हटवा यांना!" फेसाळलेले काका किंचाळले.

"काका, ते पाणी प्यायले आले," रंजीता शांतपणे म्हणाली. "हौद त्याइचाच हाय."

"म्हणजे... हा पूल नाही?"

"नाही! अन् भुऱ्या कालपासून तहानलेला हाय!" देवानंदचा आवाज फाटला.

काकांचं हसू मावळलं. त्यांनी भुऱ्याचं कोरडं नाक पाहिलं. "चुकलो रे बाळा. आधी विचारायला हवं होतं."

मग बूच निघालं, हौद रिकामा झाला. काका घासताहेत, मेहुणे विहिरीतून पाणी शेंदताहेत!

"अजून घासा, वास नाई गेला!" चंदा हुकूम सोडत होती.

हौद पुन्हा भरला. भुऱ्या पुढे आला. त्याने हुंगलं... थांबला... आणि घटाघटा पिऊ लागला! देवानंदने त्याच्या मानेला मिठीच मारली.

शेतातून परतलेल्या उद्धवरावांनी सगळं ऐकलं. गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे ते! "भांडण न करता पाहुण्याइले समजावलं! लय डोकं चालवलं पोट्टेहो!"

"मीच आल्या आल्या सांगाले पाह्यजे होतं," सुवर्णा ओशाळून म्हणाली, आणि तिने तिघांना जवळ ओढलं.

लाल झालेले तळवे फुंकत मुकुंदकाका म्हणाले, "आम्ही इथे आहोत तोवर हौद भरायची एक पाळी आमचीही."

"मंग पाहाटेच उठा काका," चंदा म्हणाली. "उशीर झाला तं बैल दारात येतीन बोलवाले!"