पडद्याबाहेरचा रथ

“मॅडम, ये क्या है? हार्मोनियम?”

अंधेरीच्या मेट्रो स्टेशनवर सामान तपासणाऱ्या गार्डने जान्हवीचं गाठोडं अडवलं. आईच्या जुन्या साडीत बांधलेलं ते ओझं सकाळपासून चार दुकानं हिंडून आलं होतं, आणि “भंगारात टाका” यापलीकडे कुणी काही बोललं नव्हतं. ती तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला —

“हार्मोनियम नाही ओ, कॉम्प्युटर आहे. कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार! टीव्हीला जोडायचा.”

जान्हवीने वळून पाहिलं. विस्कटलेले केस, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र… आणि डोळे गाठोड्यावर असे खिळलेले, जणू काकडआरतीला गाभारा उघडलाय!

“साडीतून ओळखलात?”

“कोपरा दिसला ना. जुनी मशीन्स मी कोपऱ्यावरून ओळखतो.”

“आणि माणसं?”

“माणसांना…” तो कानापर्यंत लाल झाला. “जरा वेळ लागतो.”

देवाला एखादी गाठ मारायची असली, की तो गाठोड्याचंही निमित्त करतो हो!

त्याचं नाव सर्वेश. अंधेरीच्या एका स्टुडिओत एडिटिंग करायचा आणि सुट्टीत जुने कॉम्प्युटर जिवंत करत बसायचा. गोरेगाव येईपर्यंत जान्हवीने त्याला सगळं सांगून टाकलं. तिचे बाबा, चंद्रप्रकाश, एके काळी लग्नाच्या व्हिडिओंची टायटलं याच कॉम्प्युटरवर बनवायचे. त्यावरच त्यांनी कीर्तनासाठी एक चित्र काढलं होतं, रुक्मिणीस्वयंवराचं. ठिपक्याला ठिपका जोडून काढलेलं लांबच लांब चित्र, टीव्हीच्या दुप्पट रुंद! ते मावावं म्हणून एक छोटा प्रोग्राम होता. तो चालू केला, की कॉम्प्युटरचा पडदा टीव्हीपेक्षा मोठा व्हायचा. माऊसचा बाण कडेला रेटायचा, की बाहेर दडलेला भाग हळूच सरकत आत यायचा.

“बाबा त्याला खळं म्हणायचे,” जान्हवी हसली. “कोकणातल्या घरापुढचं अंगण. म्हणायचे, खोली एवढीशी असली म्हणून काय झालं, बाहेर खळं आहे ना!”

“मग? बिघडलं काय?”

“खळ्याच्या फ्लॉपीला बुरशी लागली. चित्राची फ्लॉपी तेवढी वाचली. पण आता दिसते नुसती रुक्मिणी. हातात हार घेऊन कडेशी उभी… आणि श्रीकृष्णाचा रथ पडद्याबाहेर!”

“बिचारी,” सर्वेश म्हणाला. “आणूया रथ.”

कॉलनीतल्या विठ्ठलमंदिराच्या उत्सवात जान्हवी पहिल्यांदाच नारदाच्या गादीवर उभी राहणार होती. आख्यान तेच, रुक्मिणीस्वयंवर. पेटीवर बाबा. त्यांचा रथ त्यांना पुन्हा दाखवायचा, एवढीच तिची इच्छा होती.

सर्वेशने कुठल्याशा संग्राहकाकडून तो प्रोग्राम मिळवला आणि रविवारमागून रविवार तो घरी येऊ लागला. जान्हवी चिपळ्या वाजवून पद म्हणायची, तो माऊस धरून बसायचा.

“चिपळीचा खणखणाट झाला की रेटायचं. आधी नाही हं!”

“मी कुठे घाई करतोय?”

“तेच तर…” ती पुटपुटायची.

“काय?”

“काही नाही. चहा घे.”

दर रविवारी तो मान हलवायचा — “अजून धक्के खातोय गं रथ. पुढच्या रविवारी बघू.” अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं. बोलायचं ते मात्र दोघांच्याही ओठांपर्यंत येऊन परतत होतं. कीर्तन झालं, की याला घरी यायचं निमित्त उरणार नाही, या विचारानं जान्हवीचा सूर परत परत हलायचा.

उत्सवाची संध्याकाळ उजाडली… छे, संध्याकाळ कुठली उजाडायला! पण जान्हवीला तसंच वाटलं खरं. पूर्वरंग छान रंगला. मध्यंतराला कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा रिवाज. तो मान दरवर्षी कॉलनीतल्या रत्नप्रभाकाकूंचा. यंदा त्यांचा हात प्लास्टरमध्ये. काकूंनी इकडे-तिकडे पाहिलं आणि टीव्हीशेजारी बसलेल्या सर्वेशला हेरलं.

“ए टीव्हीवाल्या! ये, घाल हार.”

“मी?”

“मग काय विठोबा उतरून येणार?”

सर्वेश पुढे आला. गादीला वाकून नमस्कार केला आणि मोगऱ्याचा हार जान्हवीच्या गळ्यात घातला. क्षणभर दोघांची नजर… आणि मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, मंगलाष्टकं राहिली!”

मंदिर खदखदून हसलं. लाजेनं चूर झालेल्या सर्वेशला काकूंनी शेजारी बसवून टाकलं. “बस इथेच. आख्यान लागलं की मध्ये उठू नये!”

उत्तररंग सुरू झाला. अंबिकेच्या देवळापाशी रुक्मिणी उभी, हातात हार, डोळे वाटेकडे. जान्हवीने चिपळी खणखणवली. पडदा हलेना. पुन्हा खणखणवली. पाहते तर माऊस टेबलावर एकटाच! सर्वेश अर्धा उठलेला, आणि काकूंच्या धडक्या हाताच्या मुठीत त्याचा सदरा. बाबांचे दोन्ही हात पेटीत गुंतलेले.

पण गादीवर उभं राहिलं की देव सुचवतो.

“रुक्मिणी म्हणते, देवा, निघालात तर खरे… पण वाटेत कुणी सदरा धरून बसवून ठेवलं की काय?”

हशा पिकला. “अगं, पण उठायचं नसतं ना!” काकू कळवळल्या.

“काकू, या गादीवरून सांगते, सोडा त्याला. त्याच्यावाचून माझं चित्र पुरं होत नाही.”

बोलून गेली, आणि स्वतःच थबकली. *माझं* म्हणाली होती ती… बाबांनी पेटीचा सूर धरून ठेवला.

सर्वेश उठला. टेबलाशी गेला. बाण कडेला रेटला… आणि आला! आधी घोड्यांचे कान, मग आयाळ, मग फडफडता ध्वज, एकही धक्का न खाता. बाबांची बोटं पेटीवरच थांबली. डोळे भरून ते आपला रथ बघत राहिले.

आरतीनंतर टीव्ही चालूच ठेवून सर्वेश माईकच्या वायरी गुंडाळत होता, गरजेपेक्षा फारच सावकाश.

“झालं मग… आता रविवारी काही काम नाही.”

“झिला,” बाबा पेटी बंद करत म्हणाले, “रथ पयल्याच आयतवाराक इल्लो. दारातसून बघलंय मी!”

सर्वेशने कपाळाला हात लावला. “वाट लागली.”

“मलाही माहीत होतं, पहिल्याच रविवारी आला ते,” जान्हवी म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर… पुढच्या रविवारी आला असतास?”

“आलो असतो गं. नुसता तुला बघायला. पण तसं सांगायचा धीर…” तो अडखळला. “आज होतोय. मला तू आवडतेस, जान्हवी. त्या मेट्रोपासून.”

“माणसांना वेळ लागतो म्हणाला होतास!”

“खोटं बोललो.”

तिने गळ्यातला हार काढला. कीर्तनकाराचा हार म्हणजे प्रसाद. सर्वेशने ओंजळ पुढे केली.

“हातात नाही रे,” ती हळूच म्हणाली. “मान खाली कर.”

मोगरा त्याच्या खांद्यावर उतरला. तिकडे बाबांनी टीव्हीकडे जाऊन बाण अलगद दुसऱ्या कडेला रेटला — खळं थोडं मागे सरकलं, आणि रथ आणि बाहेर गेलेली रुक्मिणी एका पडद्यावर आले.

“आता मी उठू का गं?” रत्नप्रभाकाकूंनी जागेवरूनच विचारलं. “मंगलाष्टकं मला येतात सगळी!”